दोरीवरच्या पातळाचा श्वास

पत्राचा सारांश: नागपुरातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. या ताईंचं वय ४३. घरात यजमान, दोन मुलं आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचं हृदय अशक्त आहे. मागच्या दिवाळीनंतर फुप्फुसात पाणी झालं आणि त्या आठ दिवस दवाखान्यात होत्या. जानेवारीत धाकटे दीर न्यू जर्सीहून आले. येताना त्यांनी रडारवर चालणारं एक यंत्र आणलं आणि सासूबाईंचा पलंग व ताईंची खाट यांच्या मधोमध, समोरच्या भिंतीवर बसवून दिलं. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा, निळा दिवा. अंगाला काही लावायचं नाही, कॅमेरा नाही. श्वास आणि ठोके दुरूनच मोजले जातात आणि आकडे दिरांच्या फोनवर जातात. सासूबाईंना सांगितलंय, डास पळवायचं मशीन आहे.

पहिले तीन महिने ठीक गेले, फोन दोनतीनदाच आला. एप्रिलपासून मात्र आठवड्यातल्या चारपाच रात्री दोन-अडीचला फोन वाजतो. “वहिनी, आईचा श्वास ३१ दाखवतोय, जरा बघता का?” कधी “९ वर आलाय.” उठून बघावं तर सासूबाई घोरत असतात. मागच्या आठवड्यात दिरांनी सहज विचारलं, “काल बारा ते दोन तुम्ही खोलीत नव्हता का?” तेव्हापासून ताईंची उरलीसुरली झोपही गेली. यजमान म्हणतात, तो काळजीपोटीच करतो ना, ऐकून घे. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे, कूलर रात्रभर लावतात, त्याच्या वाऱ्यावर दोरीवरचे कपडेही वाळतात, तेवढंच एक सुख, असं ताई लिहितात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडेल, सकाळी सातची शाळा. त्यांचे प्रश्न तीन. यंत्र खरं की थोतांड? रात्रभर अंगावर येणाऱ्या लहरींचं काय? आणि मी ते बंद केलं अन् नेमकं त्याच रात्री काही झालं तर?

ताई,

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला वाटलं, बाकीचे दोन प्रश्न तुम्ही त्याला सोबत म्हणून पाठवलेत.

“नेमकं त्याच रात्री काही झालं तर?” या वाक्यात तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, की यंत्र चालू असलं म्हणजे काही होणार नाही. भिंतीवरचा डबा श्वास मोजतो. त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. हृदय अशक्त झालेल्या माणसाला एखाद्या रात्री त्रास होऊ शकतो. यंत्र चालू असताना होऊ शकतो, तुम्ही शेजारी टक्क जाग्या असताना होऊ शकतो, दवाखान्यात चार डॉक्टरांच्या देखत होऊ शकतो. वायर काढली तर जबाबदार मी, हा हिशेब त्या अडीचच्या फोनांनी तुमच्या डोक्यात घातलाय. तो आधी काढून टाका. मग यंत्राचं काय करायचं ते शांतपणे ठरवता येईल.

आता यंत्राबद्दल. मी वीसेक वर्षं नागपुरातल्या रुग्णालयांत मॉनिटर दुरुस्त करायचं काम केलं. त्यामुळे चमत्कार सांगणाऱ्या डब्यांवर माझा पहिला विश्वास कमीच असतो. पण हे थोतांड नाही. रडार म्हटलं की आपल्याला सोनेगावचा विमानतळ आठवतो. तिथलं रडार किलोमीटरमध्ये मोजतं, तुमच्या भिंतीवरचं मिलिमीटरमध्ये, एवढाच फरक. अशी बरीच यंत्रं ६० गिगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरीची लांबी असते ५ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी. लहर छातीवर आपटून परत येते. छाती सव्वा मिलिमीटर पुढे आली तर लहरीचा जायचा-यायचा मिळून अडीच मिलिमीटर रस्ता वाचतो, म्हणजे बरोबर अर्धी लहर. जिथे शिखर यायचं तिथे दरी येते. हे सरकणं यंत्र सेकंदाला कित्येकदा बघतं आणि त्यावरून छाती कशी वरखाली होतेय ते काढतं. श्वासाने छाती साधारण ४ ते १२ मिलिमीटर हलते, म्हणून श्वास त्याला चांगला कळतो. हृदयाच्या ठोक्याने छातीची कातडी अर्धा मिलिमीटरसुद्धा हलत नाही. वरातीच्या बँडमध्ये कुणाच्या तरी पैंजणाचा आवाज ओळखायचा, असलं ते काम आहे.

कल्पना जुनी आहे. सूक्ष्मलहरींनी स्पर्श न करता श्वास मोजण्यावरचा जेम्स लिन यांचा शोधनिबंध १९७५ चा. २०१५ च्या नेपाळ भूकंपात ‘फाइंडर’ नावाचं, नासाच्या तंत्रज्ञानावर बनलेलं असंच एक रडार नेलं होतं. चौतारा गावात ढिगाऱ्याखाली अडकलेल्या चार जणांच्या हृदयाचे ठोके त्याने टिपले आणि ते चौघे जिवंत निघाले. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या दीना कताबी यांच्या गटाने झोपेतल्या श्वासाच्या नोंदींवरून पार्किन्सन ओळखता येतो असं दाखवलं. त्यातल्या काही नोंदी खोलीत ठेवलेल्या रेडिओ यंत्राने घेतलेल्या होत्या.

पण त्या ढिगाऱ्याखाली कूलर नव्हता, ताई.

तुमच्या पत्रात दोन वाक्यं दोन टोकांना आहेत. पहिल्या पानावर लिहिलंय, एप्रिलपासून फोन वाढले. शेवटच्या पानावर कूलर आणि दोरीवरचे कपडे. ही दोन वाक्यं तुम्ही शेजारी ठेवली असती तर कदाचित तुम्हाला हे पत्र लिहावंच लागलं नसतं. समोर काय आहे ते रडारला ओळखता येत नाही, काय हलतंय तेवढंच कळतं. कूलरच्या पात्या फार जोरात फिरतात, त्यांची गती श्वासाच्या हिशेबात बसत नाही, म्हणून बरीच यंत्रं ती गाळू शकतात. गोंधळ करतो तो कूलरचा वारा. त्याने पडदा झुलतो, अंगावरची पातळ चादर फुगते, दोरीवरचं सासूबाईंचं पातळ संथपणे पुढेमागे होतं. मिनिटाला वीस, पंचवीस, तीसदा. धाप लागलेल्या माणसाच्या श्वासाची गती नेमकी तीच. यंत्राच्या दृष्टीने ते पातळ श्वास घेतंय, आणि न्यू जर्सीत संध्याकाळी पाच वाजता ऑफिसातून निघणाऱ्या मुलाला त्या पातळाला धाप लागलेली दिसतेय.

दुसरी गडबड जागेची. यंत्र पलंग आणि खाटेच्या मधोमध समोर लावलंय, म्हणजे तुमच्या दोघींचं अंतर त्याच्यापासून जवळजवळ सारखं. ही यंत्रं दोन माणसं वेगळी ओळखतात ती मुख्यतः अंतरावरून. एक दीड मीटरवर आणि दुसरं अडीच मीटरवर असेल तर ठीक. दोघीही दोन मीटरवर असाल तर डावं-उजवं कळायला जास्त अँटेना लागतात, आणि साध्या यंत्रात त्या मोजक्याच असतात. मग तुमचा आणि सासूबाईंचा श्वास एकमेकांत मिसळून एकच काहीतरी आकडा तयार होतो. तुम्ही फोनमुळे दचकून उठता, तुमचा श्वास वाढलेला असतो, आणि यंत्र तो वाढलेला श्वास आईच्या नावावर लिहितं, असंही होत असेल.

ठोक्यांच्या आकड्यात आणखी एक खोड आहे. श्वासाची लहर अगदी गुळगुळीत नसते, तिच्या दुप्पट-तिप्पट गतीच्या सावल्या उमटतात. श्वास २४ असेल तर तिप्पट होतात ७२. ते ठोके आहेत की श्वासाचीच सावली, यात चांगली यंत्रंसुद्धा फसतात. म्हणून श्वासाचा आकडा जरा मनावर घ्यावा, ठोक्यांचा रात्रीपुरता सोडून द्यावा, असं माझं मत आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर २०२१ च्या एप्रिलपासून आपल्या प्रत्येकाच्या घरात पडला आहे, ठोक्यांना तो बरा. हे रडार ऑक्सिजन मोजत नाही, रक्तदाबही मोजत नाही. ‘सगळं कळतं’ असं दिरांनी सांगितलं असेल तर त्यातलं हे वजा करा.

एक सोपा प्रयोग सांगते, आणि तो सगळ्यात आधी करा. उद्या दुपारी सासूबाई बाहेरच्या खोलीत बसल्या असताना आतली खोली पूर्ण रिकामी ठेवा. कूलर लावा, दोरीवर रात्रीसारखेच कपडे टाका, दार लावून बाहेर या. दिरांना फोन करून विचारा, आत्ता काय दिसतंय? रिकाम्या पलंगावर श्वास १८ वगैरे दिसला तर पुढे कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. मग कपडे काढा आणि पुन्हा विचारा. नंतर कूलर बंद करून विचारा. हे झालं की यंत्राची जागा बदला. सासूबाईंच्या उशाच्या बाजूची भिंत, तोंड त्यांच्या छातीकडे, तुमची खाट आणि कूलर दोन्ही त्याच्या नजरेबाहेर. किती अंतरापर्यंतचं बघायचं ते बऱ्याच यंत्रांच्या अॅपमध्ये ठरवता येतं, ते पलंगापुरतं ठेवा. लोखंडी कपाट समोर असेल तर बाजू बदला, कारण धातूवरून लहरी आपटून भलतीकडून परत येतात.

जागा बदलल्यावर दोन-तीन रात्री हाताने ताळा घ्या. घड्याळ समोर धरून सासूबाईंच्या पोटावरची चादर मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा. पूर्ण ६० सेकंद मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. वेळ लिहून ठेवा आणि सकाळी अॅपमधला त्याच मिनिटाचा आकडा पाहा. एकदोनचा फरक चालतो. पाच-सातचा पडत असेल तर ते यंत्र तुमच्या खोलीसाठी नाही.

मात्र सगळेच फोन कूलरचे होते असं मी म्हणणार नाही. हृदय अशक्त असलेल्या काही लोकांचा श्वास झोपेत हळूहळू मोठा होतो, मग लहान लहान होत जातो, काही सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. शेजारी झोपलेल्याला वाटतं छान घोरताहेत. थंडीत कूलर बंद असताना जे दोनतीन फोन आले, ते माझ्या मते या एप्रिल-मेच्या पन्नास फोनांपेक्षा महत्त्वाचे आहेत. त्या रात्रींच्या नोंदी दिरांकडून मागवा आणि हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री कधी असं चढउतार करत थांबणारं श्वसन दिसलं तर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, सासूबाईंना विचारून.

लहरींची चिंता सोडा. अशा यंत्राची ताकद दहावीस मिलिवॅटच्या घरात असते. कानाला लावलेला मोबाइल २०० मिलिवॅटपर्यंत जातो. ६० गिगाहर्ट्झची लहर कातडीच्या वरच्या मिलिमीटरभरातच विरते आणि क्ष-किरणांसारखी ती पेशींची तोडफोड करू शकत नाही.

विचारून, असं मी वर म्हटलं. आता त्या डासांच्या मशीनकडे येऊ.

तुम्ही लिहिलंय की परवा सासूबाई म्हणाल्या, “हे मशीन काही कामाचं नाही बाप्पा, डास तर चावूनच राहिले.” मला हसू आलं, आणि मग वाटलं, या बाईला तुम्ही सगळे समजता त्यापेक्षा बरंच कळतं. त्यांच्या श्वासाची नोंद पाच महिने सातासमुद्रापार जाते आहे आणि त्यांना ते माहीत नाही. कॅमेरा नाही म्हणजे खासगीपणाला धक्का नाही, असं आपण पटकन धरून चालतो. पण माणूस कधी झोपला, किती वेळा उठला, किती वेळ मोरीत गेला, हे सगळं त्या श्वासाच्या नोंदीत असतं. सत्तर पार केलेल्या बायका लघवीला रात्री किती वेळा उठतात हे डॉक्टरांनासुद्धा सांगत नाहीत.

त्यांना सांगा. भाषण नको. एखाद्या संध्याकाळी दिरांना व्हिडिओ कॉलवर घ्या, त्यांच्या फोनवरची वरखाली होणारी रेघ आईंना दाखवायला सांगा आणि म्हणा, आई, हा तुमचा श्वास. रोखून धरा बरं जरा. रेघ सपाट झाली की त्या स्वतःच पाच प्रश्न विचारतील. मग विचारा, हे भिंतीवर राहू द्यायचं का? नको म्हणाल्या तर काढायचं, आणि त्यावर मुलाचीही अपील नाही. माझा अनुभव असा की खरं सांगितलं तर म्हातारी माणसं बहुतेक वेळा हो म्हणतात. मुलगा रोज आपल्याला बघतो, याचं त्यांना अप्रूपही वाटतं. खोटं उघडं पडलं की मात्र गोळ्यांच्या डबीवरचा विश्वाससुद्धा जातो.

आणि दुसरी नोंद तुमची आहे. “बारा ते दोन खोलीत नव्हता का?” या वाक्याने तुमची झोप गेली, आणि तुम्ही पत्रात लगेच सारवासारव केलीत की त्यांचा हेतू वाईट नव्हता. नसेलही. पण तुम्ही रुग्ण नाही. तुमच्या जाण्यायेण्याची नोंद ठेवायला तुम्ही होकार दिलेला नाही. कायद्याचं विचाराल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसाने स्वतःच्या घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. म्हणजे दिरांना कायदा विचारायला जाणार नाही. हे घरातच, तोंडाने सांगावं लागेल. “भाऊजी, मशीन आईंसाठी आहे. माझी खाट त्यातून बाहेर काढते आहे.” एवढं पुरे. त्या दोन तासांत तुम्ही कुठे होता ते सांगायची गरज नाही. (गच्चीवर वारा खात असाल तर उत्तमच.)

एक गोष्ट मला पत्रात सापडली नाही. तुमच्या यजमानांना हा फोन का येत नाही? आई त्यांची, भाऊ त्यांचा. पहिल्या पाळीला बुटीबोरीला जायचं म्हणून ते दुसऱ्या खोलीत झोपतात, हे कळलं. पण सातची शाळा तुम्हालाही आहे. मी भांडण लावायला बघत नाही. पण “ऐकून घे” म्हणणाऱ्या माणसाचा फोन रात्री अडीचला आठवडाभर वाजला तर त्या दोन शब्दांचं वजन त्यांनाही कळेल. शाळा उघडायच्या आधी एवढा एक बदल करून घ्या. रात्रीचा फोन यजमानांना, दिवसाचा तुम्हाला.

खरं तर रात्रीचा फोन मुळात हवाच कशाला, हा माझा प्रश्न आहे. एका अतिदक्षता विभागात मला तक्रारीवर बोलावलं होतं, मॉनिटरचा आवाज येत नाही म्हणून. जाऊन बघते तर आवाजाच्या जाळीवर चिकटपट्टीचे तीन थर. एका सिस्टरने लावलेले. पेशंटच्या छातीवरची एक चकती घामाने सुटत होती, दर चार मिनिटांनी मॉनिटर बोंबलत होता, आणि तिच्याकडे सात खाटा होत्या. मी तिला काही बोलले नाही. चकती बदलली, पट्टी काढली. खोटा गजर वारंवार वाजला की माणूस खऱ्याही गजराला उठत नाही. तिथे तर चोवीस तास प्रशिक्षित माणसं होती. तुम्ही एकट्या आहात आणि दिवसभर वर्ग घेता.

म्हणून माझा सल्ला असा की यंत्र ठेवायचं असेल तर त्याचा भोंगा बंद करा आणि त्याची वही करा. रात्रीच्या एखाद्या क्षणाचा आकडा फसवा असतो. आठवड्याचा कल मात्र सहसा खोटं बोलत नाही. शांत झोपेतला श्वास महिनाभर १६-१७ असायचा आणि आता चार रात्री चढत चढत २२ वर आलाय, हे डोळ्यांना दिसत नाही, सासूबाईंनाही जाणवत नाही, यंत्राला दिसतं. फुप्फुसात पाणी जमायला लागल्याची ती चाहूल असू शकते. हे सकाळी चहाबरोबर बघायचं काम आहे. अॅप तुमच्या किंवा यजमानांच्या फोनवर घ्या. दिरांना आठवड्यातून एकदा आलेख पाठवा. कोणत्या आकड्याला डॉक्टरांना कळवायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, न्यू जर्सीहून नको.

आणि एक वजनकाटा आणा. मला माहीत आहे, रडारच्या पत्राला वजनकाट्याचं उत्तर म्हणजे थट्टा वाटेल. पण हृदय अशक्त असलेल्या माणसासाठी घरात एकच यंत्र ठेवायचं असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत वजन घ्यायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ते जेवणाचं वजन नाही, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पायाच्या घोट्यावर बोट दाबून खळगा राहतो का, आणि उशा एकावरून दोन, दोनवरून तीन होताहेत का, एवढंही बघत जा. उशा वाढताहेत हे तुम्हाला रडारच्या आधी कळेल.

काही वेळा मात्र कोणताही आकडा बघत बसायचं नाही. आडवं होता येत नाही म्हणून उठून बसल्यात, हाताने मोजलेला श्वास शांत बसल्यावरही २५ च्या वर आहे, ओठ काळे-निळे दिसताहेत, बोलणं असंबद्ध आहे, खोकल्यात गुलाबी फेस आहे, छातीत दुखतंय किंवा शुद्ध हरपतेय, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन. कोणत्या दवाखान्यात न्यायचं हे आजच ठरवून ठेवा. जुने कागद, औषधांची यादी एका पिशवीत घालून ती दाराच्या खुंटीला अडकवा. फाटकाची एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्या.

दिरांना रिकामं ठेवू नका. त्यांची काळजी खरी आहे, फक्त ती आकड्यांच्या वाटेने येतेय, कारण त्यांना तेवढीच वाट दिसतेय. त्यांना दुसरी दाखवा. ब्युरोतून आठवड्याच्या दोन रात्री मदतनीस बाई ठेवायची आणि त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत पंखा फुल करून झोपायचं, तिचा पगार त्यांनी द्यायचा. आपल्याकडे रात्र असते तेव्हा ते जागे असतात. सासूबाईंना पहाटे चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तेव्हा मुलाने आईला फोन करावा. तिचा श्वास कसा आहे ते त्याला बोलण्यातूनच कळेल.

अशी यंत्रं घ्यायच्या विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. दुकानदाराला विचारा, हे वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदलेलं आहे की निव्वळ ‘वेलनेस’चं? त्याच्या अॅपमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात ‘निदानासाठी वापरू नये’ असं लिहिलेलं असेल तर ते मोठ्याने वाचून घ्या. परदेशातून बॅगेत आणलेल्या डब्याला इथे हमी नाही आणि दुरुस्तीला माणूस नाही. परदेशातली मंजुरी दाखवली तर ती कशासाठी आहे ते बघा. एकटं, शांत पडलेलं माणूस, एवढ्यापुरतीच असेल तर दोन खाटांच्या खोलीत तिचा उपयोग नाही. एकाच पलंगावर एकच माणूस झोपत असेल तर गादीखाली ठेवायची पट्टी हा दुसरा मार्ग आहे. बंगळुरूच्या ‘डोझी’ची तशी पट्टी आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णालयांत वापरतात. ती गादीतून येणारी थरथर टिपते, त्यामुळे झुलणाऱ्या पडद्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हातारं माणूस एकटंच राहत असेल आणि भीती पडण्याची असेल, तर श्वास मोजण्यापेक्षा पडल्याचं ओळखणारं रडार जास्त कामाचं. पण ते वाजल्यावर दहा मिनिटांत दारात कोण येणार त्याचं नाव आधी सांगता आलं पाहिजे. नसेल सांगता येत, तर ते पैसे आधी त्या माणसावर खर्च करा.

ताई, रिकाम्या खोलीचा प्रयोग दुपारी चारनंतर करा, तेव्हा दिरांकडे सकाळ असेल आणि ते फोन उचलतील. फोन यजमानांना करायला सांगा. आणि सासूबाईंचं ते पातळ आजपासून बाहेरच्या खोलीत वाळत घाला.